दरवाजे पडल्यावर

‘मुक्काम’ हा विषय संपादकांनी दिला तेव्हा त्यांच्या मनात वाडे, धर्मशाळा, फार तर पंढरीच्या वाटेवरच्या राहुट्या असणार. मला आठवला नायगावचा मित्र. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. खताची पोती आणि फवारणीच्या बाटल्या यांच्यामध्ये बसून तो गेली काही वर्षं एकच बेत सांगतोय: गोदावरीत होडी सोडायची, दिवसभर वल्हवायचं, रात्री काठावर तंबू ठोकायचा आणि असं करत करत बासरला उतरायचं. सरस्वतीचं दर्शन घ्यायचं, रेल्वेनं परत यायचं. ऐकणारे हसतात. मराठवाड्यात पाण्याचा विषय निघाला की टँकर, बोअर आणि पाणीपाळी यांवर बोलायची रीत आहे. होडीत बसून चार दिवस काढण्याइतकं पाणी आपल्या शेजारी आहे, यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

आणि तो बसू नये अशीच नायगावची जागा आहे. नांदेड-हैदराबाद रस्त्यावर नांदेडपासून पन्नासेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. सोयाबीन, कापूस, तूर. पुढे नर्सीचा चौक, तिथून देगलूर, बिलोली, मुखेडचे फाटे. रस्त्यावरून जाणाऱ्याला नदीचा मागमूस लागत नाही. ती तालुक्याच्या उत्तर अंगानं वाहते. राहेरला तिच्या काठावर नरसिंहाचं जुनं दगडी देऊळ आहे. देवळाच्या बाजूनं खाली गेलं की एकदम रुंद पाणी दिसतं आणि मित्राचा बेत तितकासा वेडगळ वाटत नाही.

बेत वेडगळ नाही, पण सोपाही नाही. मी गेलो होतो तो त्याची आखणी बघायला. होडी, तंबू, शिधा याची यादी तासाभरात होते. खरा वेळ जातो तो पाणी कुठे, किती आणि कधी असेल हे ठरवण्यात.

जिन्याची नदी

पावसाळा सोडला तर नांदेडच्या खालची गोदावरी हा एक जिना आहे. सगळ्यात वरची पायरी विष्णुपुरीची. तिथला शंकरसागर जलाशय शंकरराव चव्हाणांच्या नावाचा; नदीतून पाणी उचलून वरच्या शेतांना देणारी मोठी उपसा योजना त्याच्यावर चालते आणि नांदेड शहराची तहानही तोच भागवतो. त्याखाली मुदखेड तालुक्यात आमदुरा, मग उमरी तालुक्यात बळेगाव, मग धर्माबाद तालुक्यात बाभळी. बाभळीपासून सातेक किलोमीटरवर राज्याची हद्द. हद्दीपलीकडे श्रीरामसागर, ज्याला इकडची जुनी माणसं अजून पोचमपाडच म्हणतात. त्याची पायाभरणी नेहरूंनी १९६३ साली केली. ते धरण बाभळीच्या खाली नदीमार्गानं ऐंशी किलोमीटरवर आहे, पण त्याचा फुगवटा भरल्या वर्षी पार हद्द ओलांडून महाराष्ट्रात येतो.

बंधारे भरलेले असले की प्रत्येक पायरीवर पाणी सपाट असतं. ओढ नसते, आपोआप पुढे जाणं नसतं. नदीच्या प्रवासाची जी कल्पना आपण सिनेमातून उचललेली असते, पाय पसरून बसावं आणि काठ मागे सरकावेत, ती इथे कामाची नाही. जेवढं वल्हवाल तेवढंच पुढे जाल. म्हणजे नावाला नदी असली तरी आखणी करायची ती तलावांच्या साखळीची.

असा प्रवास ज्या मुलखात मुरलेला आहे तो उत्तर अमेरिकेतला, मिनेसोटा आणि ऑन्टॅरिओच्या सीमेवरचा. तिथे तळ्यामागून तळं लागतं आणि मधल्या जमिनीवरून होडी खांद्यावर घेऊन पलीकडे जायचं असतं. कातड्यांच्या व्यापारासाठी याच वाटांनी माल नेणारे हमाल चाळीसेक किलोचं एक, अशी दोन गाठोडी पाठीवर घेऊन या वाटा तुडवत. आज मिनेसोटाच्या बाजूला त्याच पाण्यावर परवान्याशिवाय मुक्काम करता येत नाही. एका तुकडीत नऊपेक्षा जास्त माणसं आणि चारपेक्षा जास्त होड्या चालत नाहीत, चूल पेटवायची तर नेमून दिलेल्या जागी. आपल्याकडे परवान्याची खिडकीच नाही. त्यामुळे काय चालतं आणि काय नाही हे गावागावात विचारत जावं लागतं.

खांद्यावर होडी घ्यायच्या आपल्या वाटा म्हणजे बंधाऱ्यांचे पोचरस्ते. इथे एक गोष्ट शिकून ठेवायची. बंधाऱ्याच्या भिंतीपर्यंत वल्हवत जायचं नाही. वरच्या अंगाला पाणी कितीही निवांत दिसलं तरी एखादा दरवाजा थोडा उचललेला असला की पाणी खालून ओढतं आणि ती ओढ वरून दिसत नाही. दोन-तीनशे मीटर आधीच काठाला लागायचं, सामान उतरवायचं. खालच्या बाजूला उतरतानाही भिंतीच्या पायथ्याशी नाही. भोंगा वाजून दरवाजा उघडला तर पळायला जागा हवी. भिंतीखालच्या दगडांवर बसून गळ टाकणारे लोक नेहमी दिसतात. त्यांच्या तिथं असण्यावरून जागा सुरक्षित आहे असं समजू नये.

मित्राचा पहिला आराखडा नांदेडपासून सुरू होत होता. तो त्यानं स्वतःच मोडला. शहराखालचं पाणी शहर वापरून सोडतं. जलपर्णी, वास, आणि पुढचे बंधारे ओलांडायचे. बळेगावच्या खालून निघालं तर ओलांडायला एकच बंधारा उरतो, बाभळीचा. सरळ रेषेत बासर तिथून चाळीसेक किलोमीटर. नदी वळणं घेते म्हणून त्याची दीडपट धरायची. दिवसाला पंधरा ते अठरा किलोमीटर, म्हणजे चार दिवस आणि एक दिवस वाऱ्याचा.

तारीख कोर्टाची

कधी निघायचं? पावसाळा संपल्यावर, हे उत्तर कुणीही देईल. इथे ते पुरत नाही. बाभळीत पाणी कधी उभं राहील हे दिल्लीत ठरलेलं आहे.

गोदावरी पाणीतंटा लवादाचा, म्हणजे बच्छावत आयोगाचा, अंतिम निवाडा १९८० चा. पैठणच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात महाराष्ट्राला नव्या कामांसाठी साठ टीएमसी पाणी वापरता येईल असं त्यात आहे. त्या आधारावर महाराष्ट्रानं बंधारे बांधायला घेतले. बाभळी मात्र पोचमपाडच्या फुगवट्याच्या तोंडाशी होता, आणि आमचं साठलेलं पाणी तुम्ही अडवताय म्हणून आंध्र प्रदेश २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. पुढे जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधारा बघायला निघाले तेव्हा महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना अडवलं आणि धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवलं. बाभळी बघायला आलेले सगळ्यात नामांकित पाहुणे तेच असावेत, आणि त्यांना बंधारा काही बघायला मिळाला नाही.

निकाल २८ फेब्रुवारी २०१३ ला लागला. बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उचललेले राहतील. पावसाचं पाणी सरळ खाली जाईल. शिवाय दर वर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. तेव्हापासून दोन्ही राज्यांचे आणि केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी ठरल्या दिवशी बंधाऱ्यावर जमतात, त्यांच्यासमोर दरवाजे उचलले जातात आणि त्यांच्यासमोरच पाडले जातात.

म्हणजे ज्या तळ्यावर चार दिवस काढायचे ते तळं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्माला येतं, दिवाळीच्या मागेपुढे. मार्चच्या पहिल्या तारखेला त्याची पातळी उतरते आणि जूनअखेर ते संपतं. भरलं तर त्यात २.७४ टीएमसी पाणी. जायकवाडी शंभराच्या वर आहे, त्यापुढे हे काहीच नाही, पण ते सगळं नदीच्या दोन काठांच्या आतच लांबत जातं, म्हणून होडीवाल्याला जायकवाडीपेक्षा सोयीचं.

‘भरलं तर’ हे मी उगाच म्हटलं नाही. काठावरच्या शेतकऱ्याचं नेमकं हेच दुखणं आहे. नदी दुथडी वाहते तेव्हा दरवाजे वर, आणि दरवाजे पडतात तेव्हा नदीत धार उरलेली नसते. परतीचा पाऊस चांगला झाला, वरून विष्णुपुरीतून पाणी सुटत राहिलं, तर बाभळी तुडुंब. नाही झाला तर पात्रात डबकी. एका काठावर मोटारीच्या पाइपाला टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही विचारलं, औंदा किती दिवस पाणी राहील? ते म्हणाले, “ते आमाला काय विचारताव? कोर्टाला विचारा.”

म्हणून मित्राच्या वहीत निघायची तारीख नाही. ‘दरवाजे पडल्यावर दोन आठवड्यांनी’ एवढंच आहे. तोवर पाणी चढून स्थिरावतं, गढूळपणा बसतो, आणि पाण्याखाली गेलेली बाभळीची झुडपं कुठे आहेत ते कोळ्यांना कळलेलं असतं.

दुसरी पाणी

याच चार दिवसांसाठी दुसरीकडे का जात नाही, हे मी त्याला विचारलंच. पैठणचा नाथसागर आहे: पन्नासेक किलोमीटर लांब, मराठवाड्यातलं सगळ्यात मोठं पाणी. पण तो पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तर पाहुण्या पक्ष्यांचा; तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. त्यात तो उथळ आणि उघडा. झाड नाही, टेकाड नाही, वारा अडवणारं काहीच नाही. कोयनेचा शिवसागर खोल, डोंगरांत वळसे घेत गेलेला. बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याशी लाँचनं जाणं हा महाराष्ट्रातल्या ट्रेकवाल्यांचा ठरलेला कार्यक्रम. पण तो किनारा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, आणि जंगलात मुक्कामाला बंदी आहे.

घराजवळ निम्न मानार आहे, कंधार तालुक्यात बारूळला. त्याच्या कालव्याचं पाणी नायगावकडच्या रानांत येतं. वरच्या अंगाला लिंबोटीचा ऊर्ध्व मानार. दोन्हींवर एका दिवसाची चाचणी घ्यायला हरकत नाही, आणि मित्र तेच करणार आहे: भरलेली होडी, भरलेल्या पिशव्या, वजन कसं बसतं ते बघायचं आणि संध्याकाळी घरी. येताना कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र बघून घ्यावा. आपल्या मुलखात तळी बांधायची हौस धरणांच्या खात्यापेक्षा हजार वर्षं जुनी आहे.

होडी

काठावर जे तरंगताना दिसतं त्यात कॅनू नाही. पत्र्याची होडी आहे, फायबरची आहे, आणि सगळ्यात जास्त थर्माकोलचे तराफे आहेत: जाड तुकडे एकावर एक, वरून पोतं किंवा प्लास्टिक, दोरीनं करकचून बांधलेले. कुणी ट्रकच्या ट्यूबमध्ये बसून हातात छोट्या फळ्या घेऊन जाळी लावतो. पूर आला की गुऱ्हाळाची काहीलही नदीत उतरते. जायकवाडीच्या फुगवट्यात अडकलेल्या भिव धानोऱ्याची मुलं थर्माकोलवर बसून शाळेला जातात, ही बातमी २०२३ मध्ये सगळ्यांनी वाचली. त्यामुळे हौसेनं होडीत बसणाऱ्याकडे काठावरची माणसं जरा चमत्कारिक नजरेनं बघतात, आणि ते रास्त आहे.

थर्माकोल बुडत नाही, हे खरं. पण त्याला दिशा नाही. वारा सुटला की तो गोल फिरतो आणि माणूस जिथे न्यायचा तिथे नेतो. चार दिवसांचं सामान घेऊन सरळ रेषेत जायचं तर लांब, अरुंद, टोकाला निमुळती होडीच हवी. सोळा-सतरा फुटांची कॅनू दोन माणसं आणि त्यांचं सगळं सामान घेते. साधी असेल तर तिचं वजन तीसेक किलो, म्हणजे दोघांना बंधाऱ्याच्या कडेनं उचलून नेता येण्याजोगं. मित्रानं ती फायबरची करून घ्यायचं ठरवलं आहे. मला विचाराल तर कयाकही चालेल, फक्त तिच्या पोटात तांदळाचं पोतं मावत नाही. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंत पश्चिम किनारा कयाकनं केला आणि त्यांच्या जोडीदार शांजली शाही किनाऱ्यानं सायकलवर होत्या. समुद्र आणि बंधारा यांत फरक आहे, पण जमिनीवर आपलं एक माणूस असावं हे दोन्हीकडे खरं.

होडी घेतल्यावर पहिलं शिकायचं ते सामान भरणं. जड ते तळाशी आणि मधोमध: पाण्याचे कॅन, शिधा, पेटी. तंबू आणि कपडे दुहेरी पिशवीत, तोंड पिळून बांधलेलं. सगळं होडीला दोरीनं अडकवलेलं, माणूस सोडून. भरलेल्या होडीची कड पाण्यापासून निदान वीतभर वर राहिली पाहिजे. त्याहून खाली गेली तर काहीतरी काठावर ठेवून जा. आणि लाइफजॅकेट अंगात. उशाला ठेवलेलं लाइफजॅकेट उशीच होतं.

वारा

मोठ्या पाण्यावर माणूस खोलीला घाबरतो. घाबरायचं असतं वाऱ्याला. पाणी किती खोल यापेक्षा वारा किती लांबून मोकळा येतोय, यावर लाट ठरते. पाच किलोमीटर मोकळ्या पाण्यावर ताशी तीस किलोमीटरचा वारा दीडेक तास वाहिला तर फूटभर लाटा उठतात. ऐकायला फूटभर काहीच नाही. होडीची कड वीतभर आहे, हे आठवलं की हिशेब कळतो.

बाभळीच्या वर नदी दोन काठांत आहे, तिथे ही लांबी मिळत नाही. एका वळणावर वारा तोंडावर आला तर पुढच्या वळणावर बाजूला होतो. खरी परीक्षा खाली, कंदकुर्तीपासून पुढे. तिथे उजवीकडून मांजरा येऊन मिळते, हरिद्राही मिळते, त्रिवेणी संगम म्हणतात, आणि श्रीरामसागर भरलेला असेल तर पाणी अंगण सोडून पसरतं. दोन्ही जलाशय काठोकाठ असतील तर बाभळीची पातळी ३३८ मीटर आणि श्रीरामसागराची ३३२.५४. म्हणजे या जिन्याची शेवटची पायरी साडेपाच मीटरची. ती उतरलात की जुनी सवय सोडायची.

नोव्हेंबरात इकडचा वारा बहुतेक ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून, म्हणजे बासरकडे जाणाऱ्याच्या तोंडावर. सकाळी तो नसतो, ऊन चढलं की उठतो, सूर्य कलला की पडतो. दिवस उगवतो साडेसहाच्या सुमाराला आणि पावणेसहाला मावळतो. त्यातून दिवसाचा आराखडा आपोआप निघतो: झुंजुमुंजूला चहा, उजाडताच पाण्यावर, अकरा-साडेअकरापर्यंत दिवसाचं अंतर उरकायचं. दुपार काठावर. उरलं असेल ते चारनंतर. जगातल्या कुठल्याही मोठ्या तळ्यावरची जुनी माणसं हेच करत आली.

आणि काठ सोडायचा नाही. समोरचं टेकाड जवळ दिसतं, खाडीसारखा आत गेलेला काठ वळसा घालायला लावतो, तेव्हा सरळ मधून जायचा मोह होतो. पोहून काठ गाठता येईल एवढ्याच अंतरावर राहा, हा नियम रटाळ आहे आणि माणसं वाचवतो. लाट आली तर तिच्याकडे तिरपं नाक करायचं, होडीत गुडघे टेकायचे. उलटली तर होडी सोडायची नाही. ती तरंगत असते आणि दुरून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही.

इथे आणखी एक धोका आहे जो परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. वाळू उपशानं पात्रात खड्डे पडलेत. गुडघाभर पाण्यात उतरून होडी ओढत निघालेला माणूस पुढच्या पावलाला डोक्यावर पाण्यात असतो. म्हणून होडी ओढायची वेळ आली तर एक हात होडीवर आणि पुढे वल्ह्यानं तळ चाचपत.

कुणाकुणाला सांगायचं

त्याच वाळूनं दुसरी पंचाईत करून ठेवली आहे. गोदावरीत रात्री दिसणारी अनोळखी होडी म्हणजे वाळूची होडी, असं महसूल खातं धरून चालतं, आणि त्याला कारणं आहेत. पथकं येतात, तराफे जाळतात, उपशाच्या बोटी जिलेटिन लावून उडवतात. अशा नदीत चार जण बॅटऱ्या घेऊन काठावर उतरले तर आधी दगड येतील, मग प्रश्न. मित्राच्या वहीतलं सगळ्यात लांब पान म्हणूनच परवानग्यांचं आहे, आणि त्याच्या गाठीशी इतकी वर्षं शेतकऱ्यांची उधारी सांभाळण्याचा अनुभव आहे, म्हणून ते नीट आहे.

तहसीलला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज: कोण, किती, कुठून कुठे. जलसंपदा विभागाला वेगळा. बंधाऱ्याच्या शाखेतला माणूस ओळखीचा असला की दरवाजा कधी हलणार ते कळतं. मुक्कामाच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन. आणि ज्या मच्छीमार संस्थेकडे त्या पाण्याचा ठेका असेल तिच्या चेअरमनला भेट. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जाळी संध्याकाळी लागतात, पहाटे निघतात. त्यांवरून होडी गेली की जाळं फाटतं, आणि फाटलेलं जाळं म्हणजे एका घराची आठवड्याची कमाई. भोई मंडळींना आधी भेटलं तर ते जाळ्यांच्या जागा दाखवतात, बुडालेली झाडं दाखवतात, आणि एखादा जण पहिल्या दिवशी सोबतही येतो. मला भेटलेल्या एकानं नकाशा बघायलाच नकार दिला. “तुमच्या मोबाइलात पाणी निळं हाय,” तो म्हणाला, “आमचं रोज हालतंय.”

त्याचं म्हणणं बरोबर आहे. नकाशावरचा निळा रंग एका पातळीचा. सर्व्हे ऑफ इंडियाचे पन्नास हजारी नकाशे टेकाडं, देवळं, पायवाटा यांसाठी उत्तम. काठ बघायचा तर त्याच हंगामातलं उपग्रहाचं चित्र बघायचं, इस्रोच्या ‘भुवन’वर किंवा आणखी कुठे, आणि मागच्या वर्षीच्या नोव्हेंबराशी ताडून घ्यायचं.

हद्दीच्या पलीकडे तेलंगणाचं प्रशासन आणि तेलुगू. धर्माबादच्या बाजूला दोन्ही भाषा बोलणारी घरं कमी नाहीत, तिथला एक जण सोबत असणार आहे.

काठावर रात्र

तंबूची जागा ठरवायला मोठं डोकं लागत नाही, पण तीन गोष्टी बघाव्या लागतात. पाण्याच्या अगदी कडेला नको: वरून पाणी सुटलं तर रात्रीतून पातळी चढते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ आणि शेजारच्या गावांत रात्रीतून पाणी घुसलं, माणसं गेली. तो पावसाळा होता, लेंडीचं खोरं होतं, आपल्या हंगामाशी त्याचा संबंध नाही. तरी या जिल्ह्यात पाण्याशेजारी झोपणाऱ्यानं ते विसरू नये. दोन पुरुष तरी उंच जागा, मागे चढून जायला वाट. दुसरं, मोटारी. काठावर दर थोड्या अंतरावर उपसा पंप, त्यांच्या केबली पाण्यातून आणि गवतातून आलेल्या, जोड उघडे. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते. अंधारात होडी ओढताना तारेवर पाय नको, म्हणून उजेड असतानाच उतरायचं आणि त्या अंगाला फिरकायचंही नाही. तिसरं, पीक. पाणी ओसरलं की मोकळ्या झालेल्या गाळात लोक पेरतात, कुणी रीतसर भाड्यानं घेऊन, कुणी वहिवाटीनं. मोकळी दिसणारी जमीन मोकळी नसते. मालकाला विचारलं तर तो नाही म्हणत नाही; उलट रात्री येऊन बसतो, आणि झोपायला बारा वाजतात.

जळण काठावर पुष्कळ, पण चूल दगडांत आणि सकाळी पाणी ओतून विझवलेली. शेजारी वाळलेलं सोयाबीनचं भुसकट असतं. प्यायचं पाणी सोबत. माणशी दिवसाला चार लिटर धरायचं, गावात जार मिळतात, म्हणजे दोन दिवसांचं घेतलं तरी भागतं. नदीचं पाणी उकळून भांड्यांना.

खाण्याच्या बाबतीत मराठवाडा या खेळासाठीच जन्माला आला असावा. दशम्या तीन दिवस टिकतात, धपाटे दोन. शेंगदाण्याची चटणी, कांदा, गूळ. येसर सोबत असलं की गरम पाण्यात दहा मिनिटांत आमटी. पिठल्याला बेसन आणि मिरची. फराळातला चिवडा दिवाळीनंतर घरात कुणी खात नाही, तो इथे सोन्याच्या भावानं जातो. मित्राच्या घरून सूचना आली आहे की दशम्या करून मिळतील, पण तारीख आठ दिवस आधी सांगावी लागेल. ती तारीख कुणाकडेच नाही, हे त्यांना कसं सांगायचं यावर आमची बरीच चर्चा झाली.

उत्तरेचा काठ

आखणीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट रेल्वे आहे. मुदखेडहून निजामाबादला जाणारी लाइन गोदावरीच्या उत्तरेकडून, नदीला समांतर जाते: उमरी, करखेली, धर्माबाद, बासर. बासर सोडल्यावरच ती पूल ओलांडून दक्षिणेला येते. म्हणजे चार दिवसांत कुठल्याही टप्प्यावर कुणाला ताप आला, होडीला चीर गेली, नाहीतर नुसताच कंटाळा आला, तर डाव्या काठाला लागायचं आणि रस्ता धरायचा. स्टेशन फार दूर नसतं. म्हणून मुक्काम शक्यतो डाव्या काठाला. नायगावची माणसं उजव्या काठाची, त्यांना हे पचायला वेळ लागला.

शेवटच्या दिवसाचे दोन पर्याय लिहून ठेवलेत. श्रीरामसागर उतरलेला असेल तर कंदकुर्तीच्या संगमावरच संपवायचं. मूळचं ११२ टीएमसीचं ते धरण गाळानं ऐंशीच्या आसपास आलं आहे, आणि पाणी मागे हटलं की वरच्या टोकाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात. त्यात होडी ना वल्हवता येते ना ओढता येते. भरलेला असेल, वारा नसेल, तर पहाटे निघून बासरच्या घाटावर.

बाभळीच्या बंधाऱ्याला वळसा घालायला खांदे पुरतील का, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मित्राचं म्हणणं, अमेरिकेतले हमाल न्यायचे तर आपण का नाही. बाकीच्यांचं म्हणणं, ते हमाल होते. अखेर नर्सीचा एक छोटा हत्तीवाला ठरला. तोच नायगावहून होडी नदीवर नेणार, तिसऱ्या दिवशी बाभळीला वरच्या अंगाला उभा राहणार, खाली सोडणार, आणि शेवटी रिकामी होडी आणायला बासरला येणार. ती रेल्वेत कुणी घेणार नाही. भाड्यावर घासाघीस झाली. तारीख सांगा म्हणाला. दरवाजे पडल्यावर दोन आठवड्यांनी, मित्रानं सांगितलं. त्यानं थोडा विचार केला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, त्या टायमाला कापसाचे भाडे असतेत, ॲडव्हान्स द्या.